मिनिटाला नव्वद पायडल

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून सायकल कशी चालवावी हे एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस माझा साडू आहे. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. बाकीचे आपण सगळे, म्हणजे शाळेत जाणाऱ्या पोरी, दूधवाले, तळ्यावरून मासे घेऊन येणारे, आणि आमच्या मूल गावच्या शाळेत तीस वर्षं सायकलने जाऊन मास्तरकी केलेला मी, नुसते पायडल तुडवतो. "तुम्ही सायकल चालवत नाई, भाऊ," ते मला एकदा म्हणाले. "तुम्ही तिले लाथा मारून राह्यले."

साडू एका सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर आहेत आणि त्यांचं घर माझ्याच गल्लीत आहे, त्यामुळे सुटका नाही. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना साखर वाढल्याचं सांगितलं आणि रोज चालायला जा म्हणाले. चालणं त्यांना फारच सामान्य माणसाचं काम वाटलं. त्यांनी नागपूरहून एकवीस गिअरची सायकल आणली, मोबाइलवर महिनाभर व्हिडिओ पाहिले आणि दुसऱ्या महिन्यापासून शिकवायला सुरुवात केली. शिकवण थोडक्यात अशी: पाय खाली दाबायचा नाही, गोल फिरवायचा. पायडलवर चवडा ठेवायचा, टाच नव्हे. गिअर हलका ठेवायचा आणि मिनिटाला नव्वद फेऱ्या मारायच्या. चढ लागायच्या आधीच गिअर बदलायचा, कारण चढावर गिअर बदलणाऱ्या माणसाला, त्यांच्या मते, संसारातही सगळं उशिरा सुचतं. हे वाक्य ते नेहमी माझ्याकडे पाहून म्हणतात.

नव्वद फेऱ्या बरोबर पडाव्यात म्हणून ते सायकलवर मोठ्याने मोजतात. त्यांच्या शेजारून सायकल चालवत मी माझ्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी दिली, तर ते म्हणाले, "सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस." त्यांच्या घरी गेलं की ते चहाच्या आधी विचारतात, सायकल कुठी लावली. आपण चहा पिईपर्यंत त्यांच्या खिशातला पाना बाहेर निघालेला असतो आणि आपली सीट चार बोटं वर गेलेली असते. सीटची उंची ठरवताना मात्र टाच पायडलवर टेकवून गुडघा सरळ झाला पाहिजे, हा त्यांचा नियम. तो पाळून परत निघताना मी दोनदा गटारात गेलो आहे.

एकदा त्यांनी एका पायाने पायडल मारण्याचा सराव सुरू केला. पायडल वर येताना ताकद कुठून लागते ते त्याने कळतं म्हणे. दुसरा पाय हवेत धरून हे गृहस्थ बाजाराच्या दिवशी ऐन बाजारातून निघाले. भाजीवाल्या बाईला वाटलं, यांचा पाय गेला. दोन माणसांनी त्यांना धरून उतरवलं, तिसऱ्याने ऑटो थांबवली, चौथ्याने माझ्या मेहुणीला फोन केला की साहेबांना लकवा मारला. ती बिचारी अनवाणी धावत आली तेव्हा साडू त्या दोन माणसांना मांडीच्या मागचा स्नायू दाखवत होते. मेहुणी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

याहून वाईट म्हणजे आमच्या ओळखीचे एक मास्तर वारले तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं भेटायला गेलो. मास्तरांचा मुलगा दारात सायकलला टेकून उभा होता, डोळे सुजलेले. साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला क्षणभर बरं वाटलं. मग ते हळूच म्हणाले, "सीट लय खाली हाय बाबू, कंबर जाईन." येताना मी रस्ताभर गप्प होतो. त्यांनी कारण विचारलं नाही, कारण ते मोजत होते.

अशा माणसाला कोणी गप्प करू शकेल असं मला वाटलं नव्हतं. पण दोन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी ते मला सिंदेवाहीकडच्या जंगलातल्या रस्त्याने घेऊन गेले, तेव्हा समोरून एक सिस्टर येताना दिसली. जवळच्या गावातल्या उपकेंद्रात ती नर्स होती. काळी जुनी लेडीज सायकल, कॅरिअरला औषधांची बॅग, हँडलला लसींचा डबा, आणि पायडल मारताना गुडघे जवळजवळ छातीला लागत होते. साडूंना ते बघवलं नाही. त्यांनी आपली सायकल सरळ तिच्या वाटेत आडवी घातली.

"बाई, थांबा जरा. सीट खाली हाय तुमची. गुडघे दुखत असन."

"जय भीम, भाऊ," ती दम घेत म्हणाली. "दुखते ना. रोज अठरा-वीस किलोमीटर होते. सांजच्याले घराच्या पायऱ्या चढवत नाई. पण सीट वर नका करू."

"काऊन?"

"मले पाय टेकाले पाह्यजे. मागच्या महिन्यात इथीच पुढं रस्त्यावर वाघ बसला होता. पाय टेकले म्हून थांबली, नाई तं त्याच्यापाशीच जाऊन पडली असती."

साडूंचा हात पान्यासाठी खिशात गेला होता, तो तिथेच राहिला. सिस्टर सांगत होती की वरचे लोक स्कूटी घ्या म्हणतात, पण तिला स्कूटीची भीती वाटते. गुडघे असेच राहिले तर काम सोडावं लागेल, आणि घरात कमावणारी ती एकटीच. एवढं बोलून ती गेली. परत येताना साडूंनी एकही आकडा मोजला नाही. मी जरा घाबरलोच.

पुढचे आठ दिवस ते कचेरीतून आले की कागदावर सायकलची चित्रं काढत बसायचे. मग एका रविवारी ते उपकेंद्रावर गेले आणि त्यांनी सिस्टरच्या सायकलचं मागचं फ्रीव्हील बदलून जास्त दातांचं बसवलं, चेनीत दोन कड्या वाढवल्या, म्हणजे पायडल हलका पडेल. सीट फक्त एक बोट वर केली, तीही तिने दोन्ही पाय जमिनीला लावून दाखवल्यावर. मग उपकेंद्राच्या अंगणात सात दिवस तिला चवड्याने पायडल फिरवायला शिकवलं. "नव्वद नाई जमले तं साठ भी चालन," असं ते म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं म्हणून विश्वास ठेवला.

सिस्टरने मोजायला मात्र साफ नकार दिला. "मोजणं तुमच्यापाशीच ठेवा, भाऊ. मी गोळ्या मोजते तेच पुरे हाय."

तीन-चार महिन्यांत ती पायऱ्या चढू लागली. अर्थात मूलमध्ये हे प्रत्येकाला कळलं, काहींना दोनदा. साडूंच्या सांगण्यातून वाघ हळूहळू जवळ येत गेला आणि शेवटी तो त्यांच्याच सायकलसमोर बसला होता. आमच्या सकाळच्या फेरीत सिस्टर रस्त्यात भेटायची, हात न सोडता मान हलवायची. साडू तिच्या पायांकडे बघून म्हणायचे, "पाय आता गोल फिरते."

या जूनमध्ये तिची बदली जिवतीला झाली. ती स्वतः साडूंच्या घरी येऊन सांगून गेली. "तिकडं मोठा घाट हाय म्हणते, भाऊ. ही सायकल चढन का?" साडू म्हणाले, "पाहू." दोन दिवसांनी ते कचेरीच्या कामाला चंद्रपूरला जातो म्हणून निघाले, ते दुसऱ्या दिवशी परतले, तळपाय सोललेले. कोणाला काही सांगितलं नाही. मला ते कळलं सिस्टर निरोप घ्यायला आली तेव्हा, तिच्याकडून.

साडूंनी ओळखीतून तिच्यासारखीच बिनगिअरची काळी सायकल मागून घेतली, एसटीच्या टपावर चढवली, गडचांदूरला उतरवली आणि मागे तिच्या बॅगेएवढं वजन बांधून जिवतीचा घाट चढायला घेतला. पहिल्या वळणापर्यंत चालवली. मग उतरले आणि वरपर्यंत ढकलत नेली. परत आल्यावर तिला म्हणाले, "बाई, तो चढ पायीच चढा. नव्वद नाई, साठ भी नाई. लाज वाटू देऊ नका. मी पायीच चढलो."

त्यांची थट्टा करायला याहून चांगली संधी मला आयुष्यात मिळायची नाही. मी अजून ती वापरलेली नाही.

आम्ही अजूनही सकाळी त्याच रस्त्याने जातो. सिस्टर जिथे भेटायची तिथे आले की साडू थांबतात, बाटलीतलं पाणी पितात, पुढच्या रस्त्याकडे जरा वेळ पाहतात. व्यायामाच्या मध्ये थोडी विश्रांती लागते, असं ते म्हणतात. मी मान डोलावतो आणि त्यांच्याशेजारी उभा राहतो.