सासऱ्यांनी परत घेतलेली सही

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, अजूनही नाही. कुणाच्या अंगात आलं की मी आधी विचारणार, "बाई, सकाळपासून जेवली का?" तरी एक गोष्ट पोटात आहे... सांगूनच टाकते.

आम्ही तेव्हा चांदूर रेल्वेला. आमचे हे पोलिसात हवालदार. पंचनाम्याला पंच म्हणजे साक्षीदार लागतो, आणि ऐनवेळी कुणी येत नाही – कोर्टाच्या चकरा कोण मारील? म्हणून माझे सासरे कोऱ्या कागदाखाली सही करून द्यायचे, मजकूर मागून. मरताना मात्र ह्यांना म्हणाले, "एक कागद उरला हाय. फाडून टाक बाप्पा." ह्यांनी फाडला नाही, ट्रंकेत ठेवला.

तेरावं झालं आणि साहेबांनी बोलावलं. महिन्यापूर्वी एका विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती. चोर साहेबांच्याच ओळखीचा. म्हणे, "मोटर सुधाकरच्या घरात सापडली असं लिहा. तारीख मागची टाका, पंच तुमचे वडील." सुधाकर म्हणजे आमच्या मागच्या घरातला, रोजमजुरी करणारा, दोन पोरींचा बाप!

सकाळी ह्यांनी कागद काढला. मी फोडणी सोडून आले, हातात घेऊन पाहिला. सासऱ्यांचीच सही, खाली दोन टिंबं.

"हळदीचा हात लावला ना वं!" हे खेकसले. कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा पिवळा डाग.

"लावला! त्याच्या पोरीइले काय तोंड दाखवसान?"

"नोकरी गेली त काय खाशीन?"

जेवण करून लिहायला बसले, आणि मला हाक मारली. कागद तोच, पिवळा डाग तोच... सही नाही. खोडल्याची खूण नाही, पेनाचा वळसुद्धा नाही.

"त्वा केलं काही?"

"मी काय जादूगार हाय?"

कागद उलटापालटा करून पाहिला. मग हळूच म्हणाले, "बाबानं सही वापस घेतली वं."

साहेबांना सांगून आले – कागद नाही, दुसरा पंचही आणत नाही. सुधाकरवर केस झाली नाही. ह्यांची मात्र बदली, थेट सेमाडोहच्या जंगलात. शिक्षा म्हणे! अहो, तिथं तर ह्यांना पडल्या पडल्या झोप लागायची.

लेक अमरावतीला विज्ञान शिकवते. म्हणाली, "शाई उडते आई, पण वळ कुठं जाईन?" मला काय माहीत! दर दिवाळीला ट्रंक आवरते, तेव्हा हे चष्मा लावून कागद उन्हात धरतात.

"सही नाही आली," म्हणतात, आणि खुशीत चहा मागतात.