फौंड्रीतला जॅझ

आमच्या घरात शिवणयंत्र आईचं, लेथ आप्पांचं आणि गिटार माझी. लेथ खरं तर घरात नव्हतं, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात होतं. पण आप्पा त्याच्याविषयी घरच्या माणसासारखं बोलायचे. मी बेळगावात प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि शनिवारी दुपारी कॅम्पात हवाइयन गिटार शिकायला जात होते. ही गिटार आडवी मांडीवर घ्यायची, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हातानं तारा छेडायच्या. आमच्या गल्लीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात मी दरवर्षी वाजवायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बोलत्याय की गं तुझी गिटार!"

शिकवणारे सर मूळचे गोव्याचे. तरुणपणी जहाजांवरच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवून आलेले, आता लोंढ्याला बहिणीच्या घरी राहत आणि शिकवण्यासाठी पॅसेंजरनं बेळगावला येत. एका शनिवारी त्यांनी मला थांबवून घेतलं आणि एक रेकॉर्ड लावली. तिच्यात गिटार होती, पण माझ्या गिटारसारखी नव्हे. एक सूर जागच्या जागी थांबला होता आणि त्याच्या शेजारचा हळूच वर चढत होता. माझ्या कांडीखाली सगळ्या तारा एकदमच सरकत. एकीला थांबवून दुसरीला पुढं धाडणं मला शक्यच नव्हतं.

"हे कसं केलं, सर?"

"पायान," सर त्यांच्या कोंकणी वळणाच्या मराठीत म्हणाले. "पेडल स्टील गिटार ही. खाली पेडल असतात, दाबलं की एकच तार ताणली जाते. आणि वाजवतोय तो जॅझ, बाय. गाणं तेच, पण दर खेपेला वाट नवी."

असली गिटार आपल्याकडे कुठून मिळायची, असंही ते म्हणाले. रात्री जेवताना मी घरी हे सगळं सांगितलं. आप्पांनी भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं.

"तार वढायची आन् सोडायची, येवढंच न्हवं?" ते म्हणाले. "सायकलचा ब्रेक तरी दुसरं काय करतोय?"

आणि आप्पा खरंच कामाला लागले. लोखंडी अँगलचा स्टँड झाला. माझी गिटार त्यावर पक्की बसली. खाली पेडल, वर स्प्रिंगा, मध्ये सायकलच्या ब्रेकच्या केबली. पहिल्यांदा पेडल दाबलं तशी तार तुटून सटकन आप्पांच्या मिशीला चाटून गेली.

"मिशी गेली तर गेली," आई मशीनवरून न उठताच म्हणाली, "डोळं तेवढं संभाळा."

तार ताणली जायची, पण सोडल्यावर मूळ सुरावर परत यायची नाही, थोडी उतरलेलीच राहायची. आप्पांनी पुढं अडवायला एक स्क्रू बसवला, मागं अडवायला दुसरा. ते पुन्हा पुन्हा मला वाजवायला लावायचे आणि कान तिरका करून विचारायचे, "आली का घरात?" कधी 'उंबऱ्यावर हाय' असं मी म्हणायचे, कधी 'आली' म्हणायचे. शेवटी सर घरी आले, त्यांनी प्रत्येक पेडल दाबून पाहिलं आणि आप्पांना कडकडून मिठी मारली. आप्पांना असल्या मिठीची सवय नव्हती. हात कुठं ठेवावेत हेच त्यांना कळेना.

आता अडचण माझी होती. लहानपणापासून मी आईच्या मशीनवर बसलेली, त्यामुळे पेडलवर पाय ठेवला की तो आपोआप खालवर चालू लागायचा. सूर पाळण्यात घातल्यासारखा हेलकावे खायचा. "बाय, तू गिटार वाजवतेस की ब्लाउज शिवतेस?" सर विचारायचे. मी रडकुंडीला आले. आईनं एकदा माझा सराव नीट पाहिला आणि म्हणाली, "कापडाचा कोपरा वळवताना काय करतीस गं? सुई कापडात ठेवून पाय थांबवतीस. मग हितं बी थांबव की." त्या दिवसापासून माझा पाय शहाणा झाला.

मग सरांच्या मनात आलं, आपण दोघं मिळून रेकॉर्डिंग करू. त्यांच्या भाच्यानं आखातातून टेपरेकॉर्डर आणला होता. पण शांत जागा कुठली? आमच्या गल्लीत नळावरची भांडणं चालू असायची. कॅम्पातल्या हॉलमध्ये आवाज घुमायचा. आप्पांनी सुचवलं, "आमच्या कारखान्याशेजारच्या ओतकामाच्या फौंड्रीत जाऊया, सुट्टीच्या दिवशी. साच्याच्या वाळूचं ढीग हाईत. तितं आवाज घुमत न्हाय, वाळू खाऊन टाकतीया."

मालकानं हसत हसत परवानगी दिली. गल्लीतल्या लाउडस्पीकरवाल्या अण्णांच्या टेम्पोतून आम्ही गिटार, स्टँड, गिटारला जोडायचा रेडिओचा जुना ॲम्प्लिफायर असं सगळं नेलं. आत काळ्या वाळूचे ढीग, थंड पडलेली भट्टी आणि खरंच, टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथंच विरायची. सरांना भारी आनंद झाला. आप्पांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. कारखान्यांच्या सुट्टीला तिथली विजेची लाइनच बंद असते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आप्पांच्या तर नाहीच.

"मिरवणुकीचा ॲम्प्लिफायर हाय की माझा, बॅटरीवरचा," अण्णा म्हणाले आणि टेम्पो घेऊन गेलेसुद्धा. टेपरेकॉर्डर सेलवर चालत होता, ते एक बरं.

अण्णा ॲम्प्लिफायर आणि त्याचा भोंगा घेऊन आले. मी पहिली तार छेडली आणि फौंड्रीत जणू निवडणुकीचा प्रचार सुरू झाला. सरांनी दोन्ही कान झाकले. अण्णांनी थोडा विचार केला, भोंगा उचलला आणि त्याचं तोंड वाळूच्या ढिगात अर्धंमुर्धं खुपसलं. "आता वाजव, आक्का." आवाज मऊ झाला, जरा दुरून आल्यासारखा, पण गोड. सरांनी सॅक्सोफोन ओठांना लावला.

सुरुवातीला मी घोकून आणलेलंच वाजवत होते. मधेच एक पेडल दाबलं आणि सोडलं, तर तार खाली येईना. वाळूचे कण केबलीत गेले होते. तार वरच अडकून बसली. आप्पांनी दारातून दोन्ही हात हलवून 'थांब, थांब' केलं. पण टेप फिरत होती आणि सरांचा श्वास रंगात आला होता. माझे ठरलेले सूर आता लागणारच नव्हते. मी ती चढलेली तारच धरली, कांडी खाली आणली, तिच्या भोवतीनं दुसरे सूर शोधले. एक चुकला, दुसरा सापडला. सरांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मी गेले ती वाट धरली, मग मला तिसरीच दाखवली. मी भीती विसरले. आम्ही कुठं चाललोय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं आणि तरी शेवटी एकाच सुरावर येऊन थांबलो.

"माझंच चुकलं, केबल झाकाय पायजे हुती," आप्पा पुढं येत म्हणाले.

"चुकलं?" सर ओरडले. "अहो, हिनं आज पहिल्यांदा जॅझ वाजवला!"

टेप ऐकली तेव्हा शेवटी त्यांचं ते ओरडणंही त्यात आलं होतं. सरांनी ते पुसू दिलं नाही.

ती टेप लोंढ्यात बऱ्याच घरांतून फिरली असावी, कारण नाताळात तिथल्या रेल्वेवाल्या लोकांनी नाचाच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावलं. संध्याकाळी हॉलमध्ये जोडपी हातात हात घालून नाचत होती. आई पदर सावरून भिंतीजवळ खुर्चीत बसली होती. एक म्हातारी ख्रिस्ती बाई तिच्याजवळ गेली, हात पुढं केला. आईनं आधी मान हलवली, मग आप्पांकडं बघितलं, मग हसून उठली. वाजवता वाजवता मी पाहत होते. आईची पावलं ठेक्यावर अगदी बरोबर पडत होती आणि आप्पा कडेला उभे राहून, कुणी आपल्यालाही बोलावतंय का, म्हणून इकडंतिकडं बघत होते.