तिसरा खण

बाबांची वाचा गेली तेव्हा मी लखनौला, आलमबागच्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवत होते. लहान मुलांना कोड टाइप करायचा नसे. रंगीत ठोकळे माउसने ओढून एकमेकांना जोडायचे, की प्रोग्राम तयार. बाबा रेल्वेत इंजिनिअर होते, मानक नगरची सगळी कॉलनी त्यांच्या गप्पांना ओळखायची. अर्धांगाच्या झटक्यानंतर तोंडून नुसता 'आं' निघायचा. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. वाट बघणं मला जन्मात जमलेलं नाही.

म्हणून लॅपटॉपवर त्यांच्यासाठी तसेच शब्दांचे ठोकळे केले. पाणी, औषध, दुखतं, नको, आई. डाव्या हाताने ते 'जोडा' नावाच्या ठोकळ्याच्या खणांत टाकायचे, की मशीन बोलणार. मराठी आवाज काही मिळेना, मग हिंदी लावला.

"अच्छा, म्हणजे आता हे लखनौवाले होऊन बोलणार!" आई म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली.

'जोडा'ला आधी दोनच खण असतात. टोकाचा उजवा बाण दाबला की एक वाढतो, डावा दाबला की शेवटचा जातो. खण रिकामा राहिला तरी मशीनची काही तक्रार नसते.

बाबांनी पहिल्या खणात 'आई' ठेवलं आणि दुसऱ्यासाठी माझ्याकडे बोट केलं. माझा ठोकळा घालायचा राहूनच गेला होता! ते मला हाक मारायचे तो 'बाळ' शब्द घेऊन घाईघाईने ठोकळा केला. मशीन परक्या सुरात म्हणालं, "आई बाळ."

बाबांनी उजवा बाण दाबला. नव्या खणावर बोट ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले.

"काय हवंय बाबा?" मी टाइप करत सुटले. घर, अमरावती, लोणचं, रेडिओ, देव. प्रत्येक शब्दाला त्यांची मान आडवी.

"अहो, काहीतरी खूण तरी करा ना!" आई रडकुंडीला आली. मी चिडून टेबलावर हात आपटला. त्यांचे डोळे भरून आले, पण बोट हललं नाही. शेवटी दमून त्यांचा डोळा लागला. उद्या सापडेल, मी आईला म्हटलं.

पहाटे दुसरा झटका आला. दुपारपर्यंत बाबा गेले.

फाइल अजून आहे. कधीतरी उघडून चालवते. मशीन "आई बाळ" म्हणतं आणि थांबतं. डावा बाण दाबला तर तिसरा खण निघून जाईल. माझ्याच्याने तो दाबवत नाही.