सीटच्या पोटात काय आहे?

सहा फूट तीन इंच उंचीच्या माणसाने मोटरसायकल घेऊ नये, असा काही कायदा नाही. म्हणून मी घेतली. सेकंडहँड. ही पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट.

सीट इतकी बुटकी होती की माझे गुडघे हँडलला लागायचे. वळण आलं की त्या बाजूचा गुडघा बाहेर काढावा लागे. (मुलुंडमधले लोक त्यालाच सिग्नल समजत.) महिन्याभरात कंबर धरली. मागे बसणारी माझी बायको सुनंदा म्हणाली, "एक तर सीट बदला, नाहीतर गाडी विका. उतरताना तुम्हाला हात मी द्यायचा, हे बरं दिसत नाही."

घाटकोपरला परब नावाचे मालवणी गृहस्थ सीटा बनवायचे. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. त्यांनी माझ्या पायांचं माप घेतलं आणि म्हणाले, "चार इंच उंच करूची लागतली. खाली काथ्या, वर एक नंबर फोम. तुमी जावा, चाय पिऊन येवा."

मला चहा नको होता.

"मी थांबतो ना इथे."

"नको. तुमी जावाच."

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाईक समोर नको, म्हणजे आत काय भरणार? चिंध्या? गोणपाट? मी चहाला न जाता समोरच्या पानाच्या टपरीआड लपलो. टपरी पाच फुटांची.

पानवाला म्हणाला, "परबांना बघताय का? तेपण तुम्हालाच बघतायत."

सीट तयार झाली. बसलो. झकास! गुडघे मोकळे, कंबर सरळ. घरापर्यंत एकदाही दुखलं नाही, आणि त्यामुळेच संशय दुप्पट झाला. काहीतरी स्वस्तातलं मऊ भरलं असणार, आठवड्यात चेपून जाईल.

"आता सुखाने बसा की," सुनंदा म्हणाली.

"तुला कळत नाही. आज चांगली वाटते, उद्या वाट लागली तर?"

रविवारी सकाळी दाढीचं ब्लेड घेतलं आणि सीटच्या खालच्या कडेची शिवण दोन बोटं उसवली. काही दिसेना. चार बोटं उसवली. मग ब्लेड सटकलं आणि रेक्झिन वीतभर फाटलं. आतून फोम बाहेर आला. एक नंबर. त्याखाली काथ्या, स्वच्छ, सोनेरी, दाबून बसवलेला.

सुनंदाने गोधडीची सुई आणली आणि ते भगदाड शिवलं.

पण दुसऱ्या दिवशी गाडीवर बसलो आणि टाके पटापट तुटले. दोघं घाटकोपरला गेलो. मी आवाज चढवूनच सुरुवात केली, "परब, चार दिवसांत शिवण उसवली तुमची."

परबांनी चष्मा लावला. दोरा बोटाने ओढून पाहिला.

"ह्यो दोरो माझो नाय. ही शिलाई गोधडेची." मग सुनंदाकडे बघून म्हणाले, "टाके मात्र सरळ आसत हां, वहिनी."

सुनंदाने सगळं सांगून टाकलं. ब्लेडसकट. टपरीसकट.

परब रागावले नाहीत, हे जास्त वाईट झालं. "आत काय ता इचारलं असतात तर उघडून दाखवलं असतं," एवढंच म्हणाले आणि नवीन रेक्झिन काढलं.

"मग मला चहाला का पिटाळलंत?" मी विचारलं.

"दुकान केवढा, तुमी केवढे. तुमी दारात उभे रवलात की भितूर काळोख होता. सुई खंय जाता ता माका दिसूक नको?"

मी निमूटपणे चहा प्यायला गेलो. सुनंदा दुकानातच थांबली. तिची उंची पाच फूट.