घर भावाच्या नावावर करा म्हणे

हिंगोलीजवळच्या जवळा बाजार या गावात माझी पिठाची गिरणी आहे. नवऱ्यानं मला टाकलं असं गावात म्हणतात. खरं तर मीच निघून आले. कागदोपत्री फारकत अजून झालेली नाही. दळण आणि मसाला कांडप यावर मी आणि माझी लेक जगतो. आम्ही भाड्यानं राहत होतो ते घर मालकानं विकायला काढलं आणि आधी मला विचारलं. मला ते घर हवंच होतं.

बँकेतल्या साहेबांनी पगाराची स्लिप मागितली. स्वतःच्या गिरणीत पगार कोण देणार? मग म्हणाले, नवऱ्याची सही आणा. तिथून उठले तेव्हा माझे कान तापले होते.

कोणीतरी हिंगोलीतला एजंट सुचवला. अडलेली गृहकर्जं काढून देतो म्हणे. बोलायला गोड. "ताई, टेन्शन घेऊ नका. अशा केसेस आपण रोजच करून राहिलो." मी सगळे कागद त्याच्या हवाली केले. महिना उलटला, फोन केला की नुसतं "होऊन राहिलं, ताई." शेवटी एक दिवस त्यानं सहीला बोलावलं.

खुर्चीत बसले तर म्हणतो, "तुमच्या भावाशी बोललो. ते तयार हायेत. त्यांची नोकरी हाय, कर्ज लगेच होतं. घर त्यांच्या नावावर, हप्ते तुमी भरा. तुमी फक्त जामीनदार."

"माझ्या भावाशी बोलायला तुमाला कोणी सांगितलं?"

"ताई, एकट्या बाईची फाईल कुठं हलत न्हाई."

मी टेबलावरचे माझे कागद ओढून घेतले. एक त्याच्या हाताखाली अडकला होता, तो फाटला. फाटू दिला.

बसमधून उतरले ती थेट भावाकडे. तो जेवत होता. म्हणाला, "मी का घर पळवून नेणार हाय? तुझ्याच भल्याचं हाय."

"भल्याचं होतं तर मला काहून न्हाई विचारलं?"

तो भाकरी मोडत राहिला. आई मधे पडली, "हळू बोल, शेजारी ऐकतील." मी आणखी मोठ्यानं बोलले.

पुढं मसाला दळायला येणाऱ्या शिक्षिकेनं एका बाईंबद्दल सांगितलं. त्या आधी फायनान्स कंपनीत होत्या, आता स्वतः एजंटचं काम करतात. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं नाही, त्या स्वतःच माझ्या गिरणीवर आल्या. पोत्यावर बसल्या, गिऱ्हाईकं पाहिली, विजेची बिलं मागितली, मोबाईलवर येणारे पैसे पाहिले.

मी विचारलं, "नवऱ्याची सही?"

"कर्ज तुमी घेऊन राहिल्या. त्याची सही कशाला?" मग स्पष्ट सांगितलं, "मोठी बँक देणार न्हाई. गृहकर्जाची कंपनी देईल, पण व्याज जास्त पडंल. परवडंल का बघा." इतक्या दिवसांत खरं बोललेलं ते पहिलंच माणूस. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला. एवढ्या साध्या बोलण्यासाठी मी किती दारं फिरले!

कंपनीचा अधिकारी पाहणीला आला. त्याचाही पहिला प्रश्न, "घरात पुरुष माणूस कोण?" मी बटण दाबून गिरणी चालू केली. गिरणीच्या आवाजात त्यानं तेच दोनदा ओरडून विचारलं, मग नाद सोडला आणि बिलं तपासू लागला.

कर्ज मंजूर झालं. एकट्या माझ्या नावावर.

वास्तुशांतीला भाऊ आला. पंगतीत शेजारच्याला सांगत होता, "लई धावपळ केली मी, तवा झालं." मी वरण वाढत होते. हातातलं भांडं खाली ठेवलं.

"दादा, तू हे घर तुझ्या नावावर करून घेणार होतास. तेही सांग की यांना."

तो पानावरून उठला आणि चप्पल घालून निघून गेला. आई पदर तोंडाला लावून बसली. पाहुणे माझ्याकडे असे बघत होते, जणू चूक माझीच. मी भांडं उचललं आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. तेव्हापासून भाऊ बोलत नाही. मीही बोलत नाही.