मोठेबाबांचा गरम ढीग

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. नागपूरहून शेतकीची पदवी घेऊन रोहिणखेडजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा बापानं नाल्याकाठचा तुकडा मला दिला. सोबत अट घातली.

"तुह्या पुस्तकातलं खत मिरगाच्या आंधी तयार झालं तं इथं मूग पेर. नाही झालं तं मुकाट्यानं मलकापूरच्या कचेरीत कारकुनी धर."

मला कारकून व्हायचं नव्हतं.

ज्वारीची धसकटं, कपाशीचा पाला, बैलांनी उष्टावलेला कडबा आणि शेण असे थर देत मी गोठ्यामागं ढीग रचला. थोड्याच दिवसांत त्यातून वाफ निघू लागली. पौषाची थंडी होती. बापाचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, ढिगाला हात लावून गेले आणि घोंगडी घेऊन परत आले. पाठ टेकवून बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवशी त्यांचे दोस्त, बांगड्या विकणारे चाचा, येऊन टेकले. मग चहाही तिथंच जाऊ लागला.

ढीग उलथायचा होता. मी फावडं घेऊन गेलो.

"काऊन बे, माणसं बसलेली दिसत नाही का?"

"मोठेबाबा, खालचं वर करा लागते. पाणीबी द्या लागते. नाही तं कुजत नाही."

"मंग नको कुजू देऊ. गरम आहे तं राहू दे."

चाचा म्हणाले, "बेटा, नागपुरात हेच शिकवलं का तुले, बुढ्यांले उठवाचं?"

बाप येता-जाता एवढंच विचारी, "मलकापुरात खोली पाहून ठेवू का?"

आणि एका सकाळी मोठेबाबा टेकले तसे उठले.

"थंडं पडलं. तुहं कॉलेज थंडं पडलं."

"आतली हवा सरली. उलथलं का पुन्हा तापते."

"हे आंधी नाही सांगता येत होतं?"

मी फावडं पुढं केलं. मोठेबाबांनी धोतर खोचलं, चाचांनी विहिरीवरून बादल्या आणल्या, आणि मला शिव्या घालत दोघांनी ढीग तळापासून पालथा केला. दोन-तीन दिवसांत वाफ परत सुरू. मग मला सांगावं लागलं नाही. जरा पाठीला गार लागलं की म्हातारे फावडं मागत. कॉलेजातल्या गड्यांनीही कधी इतक्या वेळेवर ढीग उलथला नव्हता.

मिरगाआधी बापानं ते काळंभोर, भुसभुशीत खत मुठीत घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, "पेर."

मूग शेंगांनी वाकला. मोठेबाबा मोताळ्याच्या बाजारात सांगत फिरले, की खत त्यांच्या पाठीच्या गरमीनं पिकलं. मलकापूरचं नाव काही घरात पुन्हा निघालं नाही. फक्त दिवाळीनंतर बाप म्हणाला, "औंदा ढीग लांबलचक घाल. मोठेबाबानं आणखी चौघांले जागा कबूल केली हाये."