आईच्या कुड्यांचे दोन खडे

सोलापूरला गाडीत बसले तेव्हा मांडीवर यंत्राची पेटी होती. समोरच्या बाईंनी वाडी स्टेशनापर्यंत दम धरला, मग विचारलेच, "शुगर बघायचं का हो हे?"

"रिफ्रॅक्टोमीटर. खड्यामुळे प्रकाश किती वाकतो ते बघायचं, त्यावरून खडा कुठला ते कळतं."

"म्हणजे खरा-खोटा? मग घरी कशाला नेताय? भांडणं लागतील!"

बाईंच्या जिभेला हाड नव्हते, पण बोलल्या ते अगदीच चूक नव्हते. आईच्या मोत्यांच्या कुड्या मोडल्या, तेव्हा मधले दोन लाल खडे तिने आम्हा बहिणींना एकेक दिले. आम्ही त्यांच्या अंगठ्या केल्या. धाकट्या वासंतीच्या मनात तेव्हापासून एकच सल, की आपला खडा फिका, म्हणजे खोटा. खरे माणिक आईने ताईला, म्हणजे मला, दिले. आता वासंतीच्या लेकीचे, ऋचाचे लग्न ठरले होते आणि त्याच खड्यांच्या पुन्हा कुड्या करायच्या होत्या. "आधी तपास," वासंती म्हणाली होती. "माझा खोटा निघाला तर पोरीच्या कानात नको." निवृत्तीनंतर रत्नपरीक्षेचा छोटासा वर्ग केलेली मी, त्यामुळे हे माझ्या गळ्यात.

नामपल्ली स्टेशनावर वासंती घ्यायला आली होती. रिक्षा विद्यानगरकडे निघाली तशी मी लगेच अंगठीचा विषय काढला. "हौ (होय) ताई, पण आधी जेव तर खरं," ती म्हणाली. जेवायला ज्वारीची भाकरी आणि बगारा बैंगन (शेंगदाणे-तिळाच्या आंबट रश्शातली वांगी) होते. दुपारी ऋचाला मध्ये घेऊन आम्ही दोघी आडव्या झालो. वासंती लेकीच्या उजवीकडे पडून तिच्या कानाच्या पाळीशी चाळा करत होती आणि ऋचा "मम्मी, नक्को ना" करत होती.

चहानंतर जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडले. काचेवर उग्र वासाच्या द्रवाचा थेंब ठेवायचा, त्यावर खडा पालथा घालायचा आणि भिंगातून बघायचे. आतली पट्टी अर्धी काळी, अर्धी उजळ दिसते. सीमा पडते तो आकडा. माझी अंगठी ठेवली. १.८१. माणकाचा आकडा हा नव्हे. वासंतीची ठेवली. १.८१! काही असो, जोडी तर जमली. वासंतीने देवापुढे साखर ठेवली. मलाही भरून आले.

तेवढ्यात ऋचाने तिची दुकानातली प्लास्टिकच्या खड्याची अंगठी पुढे केली. १.८१.

मी चष्मा काढला, घातला, काच पुसली. पुन्हा तेच. मग उजेड पडला, की खड्याला धरणाऱ्या अंगठीच्या नख्यांमुळे तो काचेला टेकतच नव्हता आणि मी इमानेइतबारे त्या थेंबाचाच आकडा वाचत होते. देवापुढची साखर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन गौलीगुड्याच्या गल्लीत वासंतीच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. तो म्हणाला, "नगीना (खडा) निकालना पड़ता अम्मा. नक्को बोले तो रहने देव."

"निकालो," वासंती म्हणाली. तिने दोन्ही अंगठ्या त्याच्यापुढे सरकवल्या.

आधी तिचा खडा ठेवला. १.७६, आणि खडा फिरवला की एकीच्या दोन रेघा होत होत्या. माणिक! अस्सल. मग माझा ठेवला. १.७१, आणि कसाही फिरवा, रेघ एकच. स्पिनेल. तोही निसर्गाचाच दगड, लालबुंद, पण माणिक नव्हे. परीक्षा घेणारीच नापास झाली होती. खोटे कशाला सांगू, क्षणभर मला लागले. पण आता तरी हिचा सल जाईल, म्हणून मी तिच्याकडे पाहिले.

वासंती रडत होती. "आईची चूक झाली गं. खरा तुलाच द्यायचा असणार तिला."

"अगं, तिला तेव्हा दिसत तरी कुठे होतं? चाचपून दिले तिने."

"हातांना कळतं, ताई. देताना अदलाबदल झाली असणार."

माझ्या यंत्राच्या पट्टीवर याचा आकडा नव्हता. सोनार एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. शेवटी वासंतीनेच डोळे पुसले. "दोन्ही आईच्याच कानातले ना? कर बाबा कुड्या," ती त्याला म्हणाली.

परतीच्या गाडीत माझे बोट मोकळे होते. आईच्या कुड्या आधीपासूनच विजोड होत्या, की एक खडा कधी हरवून दुसरा बसवला होता? कोणता आधीचा? विचार करून डोके शिणले. मग डोळे मिटल्यावर ऋचाच्या पाळीशी खेळणारी वासंतीची बोटे दिसली आणि मी दचकून उठून बसले. लहानपणी आईला मध्ये घेऊन आम्ही अशाच निजायचो. मी आईच्या डावीकडे. वासंती उजवीकडे, आईची कुडी चिमटीत धरून.

कुड्या मोडताना आईने डावा-उजवा ध्यानात ठेवून ज्या लेकीच्या बाजूचा खडा तिलाच दिला होता का? मला ठाऊक नाही. पण हातांना कळते, हे वासंतीच म्हणाली होती.

मी फोन लावला. "वासू, सोनाराला सांग, तुझा खडा उजव्या कानाच्या कुडीत बसव."

"कैकू (का) गं?"

"तू आईच्या कुठल्या बाजूला निजायचीस?"

"उजवीकडे..." मग ती म्हणाली, "हौ."